यूनिबाय-रोदाम्को-वेस्टफील्ड

बाजारसंकुले, कार्यालयीन इमारती आणि प्रदर्शनगृहे बांधून वा विकत घेऊन ती भाड्याने देणारी फ्रान्समधील एक अग्रगण्य स्थावर मालमत्ता कंपनी. मुख्य कार्यालय पॅरिस येथे. १९६८ मध्ये ‘यूनिबाय’ या नावाने ती स्थापन झाली. २००७ मध्ये नेदर्लंड्समधील रोदाम्को यूरोप आणि २०१८ मध्ये मूळची ऑस्ट्रेलियन असलेली वेस्टफील्ड या कंपन्या तीत समाविष्ट झाल्या व तिला हे जोडनाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधील किरकोळ व्यापार रस्त्यावरच्या दुकानांतून बंदिस्त संकुलांत कसा गेला, छोट्या दुकानदारांच्या संरक्षणासाठी केलेले कायदे मोठ्या जागामालकांनाच कसे लाभदायक ठरले आणि कर्जाच्या बळावर झालेली वाढ कोठे अडखळली, हे या कंपनीच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

पूर्वपीठिका : एकाच छपराखाली अनेक दुकाने मांडण्याची कल्पना पॅरिसला नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे काचेच्या छताच्या गल्ल्या बांधल्या जाऊ लागल्या. रस्त्यावरील चिखल व घोडागाड्यांची वर्दळ टाळून गिऱ्हाइकांना निवांतपणे दुकाने पाहता यावीत, हा त्यांमागील उद्देश होता. पुढे आरीस्तीद बूसीको याने १८५२ मध्ये ‘बाँ मार्शे’ या दुकानात भागीदारी पतकरली आणि त्याचे रूपांतर एका विशाल विभागीय भांडारात केले. मालाची किंमत आधीच ठरवून ती त्यावर लिहिणे, खरेदीची सक्ती न करता कोणालाही आत येऊ देणे आणि नापसंत माल परत घेणे, ही त्याच्या व्यापाराची सूत्रे होती. अशा भांडारांमुळे शेजारच्या छोट्या दुकानदारांची झालेली वाताहत हा एमील झोलाच्या १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीचा विषय आहे. मोठे दुकान आणि छोटे दुकान यांमधील हा संघर्ष फ्रान्सच्या आर्थिक व राजकीय जीवनात तेव्हापासून वारंवार डोके वर काढीत आला आहे.

विभागीय भांडारात इमारतीचा मालक आणि मालाचा विक्रेता बहुधा एकच असे. बाजारसंकुलात या दोन भूमिका विभक्त झाल्या. संकुलाचा मालक स्वतः काहीही विकत नाही; तो गाळे बांधतो, ते दुकानदारांना भाड्याने देतो आणि वाहनतळ, दिवाबत्ती, सफाई, सुरक्षा व जाहिरात यांची व्यवस्था पाहतो. या पद्धतीचा विकास प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. मूळचा व्हिएन्नाचा वास्तुशिल्पज्ञ व्हिक्टर ग्रूएन याच्या आराखड्यानुसार मिनेसोटा राज्यात १९५६ मध्ये उघडलेले साउथडेल हे पूर्णतः बंदिस्त व वातानुकूलित संकुल पुढील सर्व संकुलांचा नमुना ठरले.

फ्रान्समध्ये या कल्पनेला अनुकूल परिस्थिती १९६० नंतर निर्माण झाली. देशाची लोकसंख्या १९४६ मधील सु. ४ कोटींवरून १९७५ मध्ये ५ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. मोटारगाड्यांचा प्रसार झाला व शहरांभोवती मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. १९६५ मध्ये पोल दलूव्रिये यांच्या मार्गदर्शनाखाली पॅरिस प्रदेशाचा बृहत् आराखडा तयार झाला आणि राजधानीभोवती नवी नगरे वसविण्याचे ठरले. कारफूर कंपनीने १५ जून १९६३ रोजी पॅरिसच्या दक्षिणेस सँत-झनव्ह्येव्ह-दे-ब्वा येथे फ्रान्समधील पहिला महाबाजार उघडला. त्याचे क्षेत्रफळ सु. २,५०० चौ. मी. होते व त्यालगत ४०० गाड्यांचा वाहनतळ होता. त्यानंतर १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये नीस शहराजवळ ‘काप-३०००’ आणि नोव्हेंबरमध्ये व्हर्सायजवळ ‘पार्ली-२’ ही प्रादेशिक स्वरूपाची मोठी संकुले सुरू झाली. पार्ली-२ हा रॉबेर द बाल्कानी या विकासकाने उभारलेल्या विस्तीर्ण निवासी वसाहतीचा भाग होता. वसाहतीला ‘पारी-२’ (पॅरिस-२) हे नाव देण्याचा त्याचा मनोदय होता. परंतु राजधानीच्या नावाच्या अशा वापरास विरोध झाल्याने एक अक्षर बदलून ‘पार्ली’ हे नाव घेण्यात आले. अमेरिकन पद्धतीचा अभ्यास केलेल्या झां-लुई सोलाल यांचाही या व नंतरच्या व्हेलिझी-२ (१९७२), रोनी-२ (१९७३) इ. संकुलांच्या उभारणीत मोठा वाटा होता. यांपैकी पार्ली-२, व्हेलिझी-२ व रोनी-२ ही तिन्ही संकुले कालांतराने यूनिबायच्या छत्राखाली आली.

संकुलाचे अर्थकारण : बाजारसंकुलाचे यश गाळ्यांच्या मांडणीवर अवलंबून असते. महाबाजार किंवा विभागीय भांडार यांसारखी मोठी दुकाने गिऱ्हाइकांना दूरवरून खेचून आणतात. म्हणून फ्रेंच व्यवसायात त्यांना ‘इंजिन’ अशी संज्ञा आहे. ही दुकाने संकुलाच्या दोन टोकांना ठेवतात आणि त्यांमधील वाटेवर लहान गाळे असतात. मोठ्या दुकानाला दर चौरस मीटरमागे अत्यल्प भाडे आकारले जाते. त्याने आणलेल्या गर्दीचे मोल लहान गाळेधारक चढ्या भाड्याच्या रूपाने चुकते करतात. भाडे सामान्यतः दुहेरी असते : एक किमान रक्कम ठरलेली असते आणि गाळ्याच्या विक्रीचा ठरावीक हिस्सा त्या रकमेपेक्षा अधिक भरल्यास वरची रक्कम मालकास द्यावी लागते. त्यामुळे मालकाला दुकानदाराच्या विक्रीचे आकडे कळतात आणि ज्याचा व्यवहार मंदावला त्याच्या जागी दुसरा आणण्याचा विचार त्याला करता येतो.

फ्रान्समधील व्यापारी भाडेपट्ट्यांचे नियमन ३० सप्टेंबर १९५३ च्या आदेशाने होऊ लागले. त्यानुसार पट्टा किमान नऊ वर्षांचा असतो. भाडेकरूला दर तीन वर्षांनी तो सोडता येतो. मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा हक्क त्याला असतो व मालकाने तो नाकारल्यास भरपाई द्यावी लागते. या हक्काला बाजारात किंमत असल्याने मोक्याचा गाळा घेताना मुंबईतील पगडीसारखी एकरकमी रक्कम देण्याचा प्रघात पडला. भाड्यातील वार्षिक वाढ प्रदीर्घ काळ बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेली होती. २००८ च्या कायद्याने व्यापारी भाड्यांसाठी वेगळा निर्देशांक निर्माण करण्यात आला.

संकुलाची किंमत त्याच्या भाड्यावरून काढतात. वर्षाला १० लाख यूरो निव्वळ भाडे देणाऱ्या मालमत्तेवर गुंतवणूकदार ५ टक्के परतावा मागत असतील, तर तिचे मूल्य २ कोटी यूरो होते. ते ४ टक्क्यांवर समाधानी असतील, तर तीच मालमत्ता अडीच कोटींची ठरते. म्हणजे भाड्यात एका यूरोचीही वाढ न होता केवळ व्याजदर उतरल्याने मालमत्तेचे मूल्य एक-चतुर्थांशाने वाढते. व्याजदर चढल्यास याच्या उलट घडते. या साध्या गणितात कंपनीच्या उत्कर्षाचे आणि नंतरच्या अडचणींचे बरेचसे स्पष्टीकरण मिळते.

स्थापना : यूनिबायचा जन्म बाजारसंकुलांसाठी झाला नव्हता. फ्रान्समध्ये २ जुलै १९६६ च्या कायद्याने ‘क्रेदी-बाय’ म्हणजे भाडेपट्टा-वित्त या व्यवहाराला कायदेशीर रूप मिळाले. या पद्धतीत वित्तसंस्था उद्योजकाच्या गरजेची इमारत वा यंत्रसामग्री स्वतः विकत घेऊन त्याला भाड्याने देते आणि मुदतीअखेर ती ठरलेल्या किमतीस विकत घेण्याचा पर्याय त्याला असतो. २८ सप्टेंबर १९६७ च्या अध्यादेशाने इमारतींच्या अशा व्यवहारासाठी ‘सीकोमी’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या खास कंपन्यांची तरतूद केली. या कंपन्यांना निगम करातून सूट होती. तिच्या बदल्यात नफ्याचा किमान ८५ टक्के भाग भागधारकांना वाटणे त्यांना बंधनकारक होते. देशात कारखाने व व्यापारी इमारती यांसाठी भांडवल उपलब्ध व्हावे, हा शासनाचा हेतू होता. या सवलतीचा लाभ घेण्यासाठी व्होर्म्स बँकसमूहाने १९६८ मध्ये यूनिबायची स्थापना केली. तिच्या नावातील ‘बाय’ हा शब्द भाडेपट्टा या अर्थाचाच आहे. १९७२ मध्ये तिच्या भागांची पॅरिसच्या शेअर बाजारात नोंदणी झाली. पुढील सु. दोन दशके ती प्रामुख्याने वित्तपुरवठा करणारी, मध्यम आकाराची व सर्वसामान्यांना अपरिचित अशी कंपनी होती.

दुकानदारांची चळवळ व रवाये कायदा : महाबाजार व संकुले यांच्या प्रसाराने छोटे दुकानदार अस्वस्थ झाले. झेरार नीकू या कॅफेचालकाच्या नेतृत्वाखाली १९६९ पासून त्यांची उग्र आंदोलने झाली. त्यांत करकचेऱ्यांवरील हल्ल्यांचाही समावेश होता. या असंतोषाची दखल घेऊन व्यापारमंत्री झां रवाये यांनी मांडलेला कायदा २७ डिसेंबर १९७३ रोजी संमत झाला. ४० हजारांहून कमी वस्तीच्या गावी १,००० चौ. मी. आणि त्याहून मोठ्या शहरात १,५०० चौ. मी. पेक्षा अधिक विक्रीक्षेत्राचे दुकान काढण्यासाठी जिल्हा समितीची परवानगी सक्तीची झाली. वीस सदस्यांच्या या समितीत नऊ लोकप्रतिनिधी, नऊ व्यापारी व कारागीर आणि दोन ग्राहक प्रतिनिधी असत.

या कायद्याने मोठ्या दुकानांचा प्रसार थांबला नाही. परवानगी मिळविण्यासाठी होणाऱ्या गैरव्यवहारांच्या तक्रारी वाढत गेल्याने १९९३ मध्ये समित्यांची रचना बदलावी लागली आणि १९९६ च्या कायद्याने परवानगीची मर्यादा ३०० चौ. मी. पर्यंत खाली आणली. मात्र या निर्बंधांचा एक परिणाम कायदा करणाऱ्यांना अभिप्रेत नव्हता. नवे संकुल काढणे जितके कठीण झाले, तितके आधी परवानगी मिळालेले संकुल दुर्मिळ व म्हणून मौल्यवान ठरले. स्पर्धकाला शेजारी जागा मिळणार नाही, याची जणू शासकीय हमीच जुन्या मालकांना मिळाली. छोट्या दुकानदारासाठी बांधलेल्या कुंपणाच्या आत मोठा जागामालक सुरक्षित झाला.

ले आल : कंपनीच्या ताब्यात पुढे आलेल्या मालमत्तांमध्ये पॅरिसच्या मध्यवर्ती भागातील ‘फोरम दे आल’ हे संकुल विशेष उल्लेखनीय आहे. या जागी मध्ययुगापासून शहराचा मुख्य घाऊक बाजार भरत असे. एकोणिसाव्या शतकात व्हिक्तॉर बाल्तार याने त्यासाठी लोखंड व काच यांचे भव्य मंडप उभारले. १९६९ मध्ये हा बाजार शहराबाहेर रँझीस येथे हलविण्यात आला आणि १९७१ पासून, जनतेचा विरोध असतानाही, मंडप पाडण्यात आले. तेथे कित्येक वर्षे एक प्रचंड खड्डा होता. खड्ड्याच्या तळाशी उपनगरी रेल्वेचे स्थानक १९७७ मध्ये सुरू झाले आणि त्यावर क्लोद व्हास्कोनी व झॉर्झ पांक्रेआश या वास्तुशिल्पज्ञांनी योजिलेले भूमिगत बाजारसंकुल १९७९ मध्ये उघडले. या स्थानकातून दररोज साडेसात लाखांच्या आसपास प्रवासी ये-जा करतात, असा अंदाज दिला जातो. त्यामुळे उपनगरांतील तरुणांना राजधानीचे पहिले दर्शन या संकुलाच्या पायऱ्यांवरच घडते. सार्वजनिक रस्ता कोठे संपतो आणि खाजगी जागा कोठे सुरू होते, हा प्रश्न येथे रोजच्या व्यवहाराचा झाला आहे. पुढे महानगरपालिकेने या भागाची पुनर्रचना हाती घेतली व संकुलावर काच आणि पोलाद यांचे विस्तीर्ण छत उभारले. ते ५ एप्रिल २०१६ रोजी खुले झाले. या कामावरील मोठा सार्वजनिक खर्च आणि त्यामुळे खाजगी मालकाला होणारा लाभ यांवर पॅरिसमध्ये बराच वाद झाला.

वित्ताकडून मालकीकडे : १९९० नंतरच्या दशकात सीकोमी कंपन्यांची करसवलत क्रमाक्रमाने काढून घेण्यात आली. त्याच सुमारास पॅरिसमधील स्थावर मालमत्तेचे, विशेषतः कार्यालयीन इमारतींचे, भाव कोसळले आणि अनेक बँका व विकासक अडचणीत आले. १९९२ मध्ये यूनिबायची सूत्रे लेआँ ब्रेस्लर यांच्याकडे आली. इतरांना भांडवल पुरवून व्याजरूपी भाडे घेण्याऐवजी मोक्याच्या मालमत्तांची मालकी स्वतःकडे घ्यावी, असे धोरण त्यांनी अवलंबिले. त्याचे तीन भाग होते : मोठी बाजारसंकुले, पॅरिस व ला देफाँस येथील मोठ्या कार्यालयीन इमारती आणि राजधानीतील प्रदर्शनगृहे. संकुलांचे व्यवस्थापन करणारी एस्पास एक्स्पान्स्याँ ही संस्थाही याच काळात कंपनीत आली. मंदीच्या काळात खरेदी, नूतनीकरणानंतर भाडेवाढ आणि किंमत वधारल्यावर दुय्यम मालमत्तांची विक्री, ही तिची कार्यपद्धती बनली. ला देफाँस येथील ‘ले कात्र ताँ’ हे १९८१ मध्ये उघडलेले संकुल कंपनीकडे आले. वर्षाला सु. ४ कोटी भेटींची नोंद होणारे हे संकुल यूरोपातील अत्यंत गजबजलेल्या संकुलांपैकी एक आहे. पॅरिसच्या आग्नेयेस सेनार या नव्या नगरात ‘कारे सेनार’ हे संकुल कंपनीने स्वतः विकसित केले व ते २००२ मध्ये सुरू झाले.

२००३ मध्ये फ्रेंच शासनाने शेअर बाजारात नोंदलेल्या स्थावर मालमत्ता कंपन्यांसाठी नवी करव्यवस्था लागू केली. भाड्याच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग भागधारकांना वाटल्यास त्यावरील निगम कर माफ झाला. व्यवस्थेत प्रवेश करताना मालमत्तेच्या वाढीव मूल्यावर १६·५ टक्के दराने एकदाच कर भरावयाचा होता. यूनिबायने ही व्यवस्था तत्काळ स्वीकारली. १९६७ च्या सीकोमी कायद्याचेच सूत्र येथे नव्या रूपात अवतरले होते. या व्यवस्थेमुळे निवृत्तिवेतन निधी व विमा कंपन्या यांचा पैसा या व्यवसायाकडे मोठ्या प्रमाणात वळला. परंतु नफा जवळजवळ सर्वच वाटून टाकावा लागत असल्याने विस्तारासाठी कंपनीला नवे भाग अथवा कर्ज यांवर विसंबावे लागे.

यूरोपीय विस्तार : गियोम प्वात्रिनाल हे कंपनीचे मुख्याधिकारी असताना २००७ मध्ये रोदाम्को यूरोपशी विलीनीकरण झाले. रोदाम्को ही रॉटरडॅमच्या रोबेको या गुंतवणूकसमूहाने १९७९ मध्ये स्थापन केलेली कंपनी असून १९९९ मध्ये तिचे चार प्रादेशिक कंपन्यांत विभाजन झाले होते. तिच्या यूरोपीय शाखेमुळे नेदर्लंड्स, स्पेन, स्वीडन, ऑस्ट्रिया आणि मध्य यूरोप येथील संकुले यूनिबायकडे आली. २००८ मध्ये पॅरिसच्या वाणिज्य मंडळाबरोबर प्रदर्शनगृहांचा व्यवसाय एकत्र करून ‘व्हीपारी’ ही संस्था स्थापण्यात आली. २०१० मध्ये सायमन इव्हान्हो या कंपनीची पोलंड व फ्रान्समधील संकुले विकत घेण्यात आली आणि २०१२ पासून कंपनीने जर्मनीतही पाय रोवले.

२००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर यूरोपातील व्याजदर सतत उतरत गेले. स्वस्त कर्जामुळे मालमत्तांचे मूल्य वाढे. वाढलेल्या मूल्याच्या तारणावर अधिक कर्ज मिळे आणि त्यातून आणखी मालमत्ता घेता येई. लहान संकुले विकून मोठी तेवढी राखावीत, हे या काळातील धोरण होते. इतर फ्रेंच कंपन्यांची वाटचालही काहीशी अशीच होती. क्लेपिएर ही यूनिबायची मुख्य प्रतिस्पर्धी कंपनीही बँकसमूहातूनच उदयास आली होती. तिने २००८ मध्ये स्कँडिनेव्हियातील स्टीन अँड स्ट्रॉम आणि २०१५ मध्ये नेदर्लंड्समधील कॉरिओ या कंपन्या ताब्यात घेतल्या.

वेस्टफील्ड : दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झालेल्या फ्रँक लोई व जॉन साँडर्स यांनी सिडनीच्या ब्लॅकटाउन उपनगरात १९५९ मध्ये आपले पहिले बाजारसंकुल उघडले व त्यातून वेस्टफील्ड कंपनी उदयास आली. पुढे ती अमेरिकेत व ब्रिटनमध्ये पसरली. रोदाम्कोच्या उत्तर अमेरिकन शाखेच्या मालमत्तेचा एक वाटा २००२ मध्ये तिनेच घेतला होता. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील व्यवसाय वेगळा काढण्यात आला आणि अमेरिका व ब्रिटन येथील संकुले वेस्टफील्ड कॉर्पोरेशनकडे राहिली. लंडनमधील दोन प्रचंड संकुले (२००८ व २०११) हे तिचे भूषण होते.

१२ डिसेंबर २०१७ रोजी यूनिबाय-रोदाम्कोने ही कंपनी कर्जासह सु. २४·७ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. क्रिस्तॉफ क्युव्हिल्ये हे त्या वेळी मुख्याधिकारी होते. ७ जून २०१८ रोजी व्यवहार पूर्ण झाला. त्यामुळे सु. शंभर बाजारसंकुले आणि ६० अब्ज यूरोंहून अधिक मूल्याची मालमत्ता एका कंपनीच्या हाती आली. वेस्टफील्ड हे नाव जगभर एक व्यापारचिन्ह म्हणून वापरावे, अशी योजना होती. तदनुसार २०१९ पासून फ्रान्समधील प्रमुख संकुलांना ते देण्यात आले. परंतु खरेदीची वेळ प्रतिकूल होती. अमेरिकेत जुनी विभागीय भांडारे, म्हणजे संकुलांची इंजिनेच, एकापाठोपाठ एक बंद पडत होती. दूरस्थ खरेदीचे प्रमाण वाढत होते आणि व्यवहारासाठी काढलेल्या कर्जाचा भार कंपनीवर पडला होता.

२०२० चा संघर्ष : कोविड साथीमुळे १५ मार्च २०२० पासून फ्रान्समधील अत्यावश्यक नसलेली दुकाने बंद झाली आणि इतर देशांतही तेच घडले. गाळेधारकांनी भाडेमाफी मागितली. डिसेंबर २०१७ च्या तुलनेत २०२० च्या शरद ऋतूत कंपनीच्या भागाची किंमत तीन-चतुर्थांशाहून अधिक घटली. १६ सप्टेंबर २०२० रोजी व्यवस्थापनाने ९ अब्ज यूरोंची पुनर्रचना योजना मांडली. तीत नवे भाग विकून ३·५ अब्ज यूरो उभारण्याचा प्रस्ताव होता. अत्यंत पडत्या किमतीस नवे भाग विकल्यास जुन्या भागधारकांचा हिस्सा आक्रसणार होता. या प्रस्तावास दूरसंचार उद्योजक ग्झाव्हिये नीएल आणि स्वतः लेआँ ब्रेस्लर यांनी एकत्र येऊन विरोध केला. नवे भांडवल न घेता अमेरिकेतील मालमत्ता विकावी व कंपनीने यूरोपातच लक्ष घालावे, असे त्यांचे म्हणणे होते. १० नोव्हेंबर २०२० च्या सर्वसाधारण सभेत प्रस्तावाला आवश्यक ते दोन-तृतीयांश मताधिक्य मिळाले नाही. ब्रेस्लर पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले, क्युव्हिल्ये यांना पद सोडावे लागले आणि जानेवारी २०२१ मध्ये झां-मारी त्रितां मुख्याधिकारी झाले. ज्यांनी कंपनीला मोठे केले, त्यांनाच तिचा आकार कमी करण्यासाठी परत यावे लागले.

पुढील वर्षांत लाभांश स्थगित ठेवून मालमत्तांची विक्री करण्यात आली. कंपनीने स्वतः उभारलेल्या कारे सेनारमधील ४५ टक्के वाटाही २०२२ मध्ये विमा कंपन्यांना देण्यात आला. अमेरिकेतील अनेक संकुले विकली गेली. सॅन फ्रान्सिस्को येथील संकुलाच्या कर्जाची परतफेड थांबवून २०२३ मध्ये ते धनकोंच्या स्वाधीन करण्याचे ठरले. २०२२ पासून यूरोपातील व्याजदर वाढू लागल्याने मालमत्तांचे मूल्य आणखी घटले. तथापि गिऱ्हाइके संकुलांकडे परतली आणि २०२४ मध्ये लाभांश पुन्हा सुरू झाला. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या मालमत्तेचे मूल्य सु. ५० अब्ज यूरो होते. एप्रिल २०२५ मध्ये हँबर्ग बंदराच्या परिसरात तिने एक मोठे नवे संकुल सुरू केले.

मूल्यमापन : फ्रान्समध्ये बाजारसंकुलांविषयीचे लोकमत गेल्या काही वर्षांत बदलले आहे. पॅरिसच्या उत्तरेस शेतजमिनीवर योजलेला यूरोपासिटी हा दुसऱ्या एका समूहाचा प्रकल्प शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्द केला. मध्यम शहरांच्या जुन्या पेठांत बंद पडलेल्या दुकानांची संख्या वाढल्याने २०१८ मध्ये २२२ शहरांसाठी पुनरुज्जीवनाची योजना हाती घेण्यात आली. २२ ऑगस्ट २०२१ च्या हवामानविषयक कायद्याने मोकळी जमीन व्यापून होणाऱ्या नव्या व्यापारी बांधकामास सामान्यतः मनाई केली, १०,००० चौ. मी. पेक्षा लहान प्रकल्पांना काही अटींवर सूट मिळू शकते. या कायद्यामागील हेतू पर्यावरणाचा असला, तरी १९७३ प्रमाणेच त्याचा लाभ आधीपासून उभ्या असलेल्या संकुलांच्या मालकांना होण्याचा संभव आहे.

यूनिबायच्या इतिहासात तीन घटक सातत्याने आढळतात : करसवलत, जागेची कायद्याने निर्माण झालेली टंचाई आणि स्वस्त कर्ज. यांपैकी पहिले दोन शासनाच्या धोरणातून आले आणि ते टिकून राहिले. तिसरा पैशाच्या बाजारावर अवलंबून होता आणि तो पालटताच कंपनी संकटात सापडली. मोक्याच्या जागी असलेल्या संकुलांतील वर्दळ त्या संकटातही कायमची ओसरली नाही. संकुलांच्या या लोकप्रियतेमुळेच नगरांपुढील प्रश्न गंभीर होतो. जेथे लोक भेटतात, फिरतात व वेळ घालवितात अशा जागा खाजगी मालकीच्या झाल्या, म्हणजे त्यांच्या वेळा, त्यांतील वर्तनाचे नियम आणि तेथे कोणत्या दुकानदाराला स्थान मिळावे हे मालक ठरवितो. ले आल येथे जो बाजार शतकानुशतके नगराच्या नियंत्रणाखाली होता, त्याच्या जागी एक भाडेपट्टा आला. आणि त्या पट्ट्याच्या अटींत नगरवासीयांचा आवाज किती असावा, याचा निर्णय पॅरिसमध्ये अद्याप व्हावयाचा आहे.